दाजींनी न मोजलेली कामं

चाळीस वर्षं लोकांच्या मानेमागचे केस एका रेषेत कापणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मानेमागे मात्र पायऱ्या होत्या. दोन आरसे समोरासमोर ठेवून, एका हाताने चाचपत आणि दुसऱ्या हाताने कात्री चालवत दाजी स्वतःचे केस स्वतःच कापत. आरशातला हात एकीकडे जायचा, खरा हात भलतीकडे, आणि हे लक्षात येईपर्यंत एक पायरी पडलेली असायची. नऊ वर्षं हे असं चाललं होतं. परक्या दुकानात मान खाली घालून बसायला त्यांचं मन धजत नव्हतं, आणि ज्या दुकानात बसायचं ते दुकान त्यांनी सोडलं होतं.

ते दुकान दोघांचं होतं, दाजींचं आणि त्यांच्या मेहुण्याचं. बायकोचा हा धाकटा भाऊ विसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली काम शिकायला आला आणि शिकून बरोबरीचा भागीदार झाला. तो त्यांना दाजी म्हणायचा म्हणून गिऱ्हाइकं दाजी म्हणू लागली, मग समोरचा चष्मेवाला, मग अख्खा रस्ता. बहिणीला तो ताई म्हणायचा, तर तीही जगाची ताई झाली. त्यांची खरी नावं आता फक्त विजेच्या बिलावर उरली होती.

या धंद्यात एक गोष्ट कुणाला चुकलेली नाही. कितीही मोठा कारागीर असो, त्याला स्वतःची मान दिसत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करावी लागते. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी हे दोघं शटर अर्धं खाली ओढून एकमेकांचे केस कापत. आधी मेहुणा खुर्चीत, मग दाजी. तासभर कुणी फारसं बोलत नसे. बोलण्यासारखं आठवडाभर बोलून झालेलं असे.

मग मेहुण्याने केस कापायचं मशीन आणलं. दाजींना ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही, पण आठ दिवस त्यांनी दम धरला. नवव्या दिवशी दुकान भरलेलं असताना मेहुणा एकाच्या डोक्यावर मशीन फिरवत होता. दाजी शेजारच्या खुर्चीमागून आले, "सरक," म्हणाले, आणि त्याच्या हातून ते डोकं काढून घेऊन कात्रीने पुरं केलं. वर म्हणाले, "हे काम नाही. हे गवत काढणं झालं." बाकावरची माणसं हसली. खुर्चीतला माणूसही हसला. मेहुण्याने एप्रन काढला, घडी घातली आणि म्हणाला, "मग तुम्हीच चालवा." त्यावर दाजी म्हणाले, "मीच जातो," आणि आपली कात्र्यांची पेटी उचलून निघाले. दोघांनाही वाटत होतं, समोरचा अडवेल. कुणीच कुणाला अडवलं नाही.

पुढची आठ वर्षं दाजींनी दोन गल्ल्या सोडून दुसऱ्याच्या दुकानात काम केलं. गेल्या वर्षी गुडघ्याने राजीनामा दिला तेव्हा त्यांनीही दिला. ताई या घरून त्या घरी जात-येत राहिली. तिने पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, "मी तुमचं भांडण मिटवणार नाही. मला दोन्हीकडे जेवायचंय."

रिकाम्या हातांचं काय करायचं हा दाजींपुढचा मोठा प्रश्न होता. घरातली झाडं त्यांनी इतकी छाटली की ताईने कात्री कपाटात ठेवली. डॉक्टरने चालायला सांगितलं होतं. घराजवळ प्राणिसंग्रहालय होतं आणि म्हाताऱ्या माणसांना सकाळी तिथे फिरायला मोकळीक होती. हत्तीपर्यंत जाऊन परत यायचं असा बेत होता. पहिल्याच दिवशी ते माकडांच्या टेकडीपाशी थांबले आणि हत्ती राहून गेला.

टेकडी म्हणजे सिमेंटचे खडक, भोवती खंदक आणि काचेचा कठडा. वर तेवीस माकडं, आखूड शेपटीच्या मकाक जातीची, तांबूस तोंडाची आणि दाट भुऱ्या केसांची. सकाळच्या उन्हात ती जोड्या करून बसायची. एक आडवं पडायचं, दुसरं त्याच्या केसांत दोन्ही हात घालायचं. एका हाताने केस मागे दाबायचे, दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुळाशी शोधायचं, सापडलेला कोंडा किंवा किडा चिमटीत धरून तोंडात टाकायचा, मग पुढची बट. पडलेल्या माकडाचे डोळे मिटत जायचे, खालचा ओठ सैल सुटायचा.

दाजींनी हा चेहरा हजारो वेळा आरशात पाहिला होता. न्यायाधीशांचा पाहिला होता, हमालांचा पाहिला होता. मानेवर गार फणी टेकली की दोघांचे चेहरे एकसारखे दिसत.

तिसऱ्या दिवशी ते स्वतःशीच पुटपुटत होते. "आता ती उठेल. तिची पाळी झाली. मग तो मिशीवाला येईल, तो मघापासून तिष्ठत बसलाय. आणि ती भांगवाली त्याच्याआधी घुसेल."

भांगवाली घुसली.

शेजारी घडीच्या स्टुलावर एक मुलगी दुर्बीण, घड्याळ आणि तक्ते घेऊन बसली होती. तिने मान वळवून विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"चाळीस वर्षं बाकाकडे बघूनच हात चालवलाय," दाजी म्हणाले. "कुणाचा नंबर आहे आणि कोण मधे घुसणार, हे माणूस दारातून आत येतानाच कळतं."

ती मुलगी विद्यापीठातून आलेली होती आणि माकडांच्या भांडणांवर प्रबंध लिहीत होती. दाजींनी तिचं नाव डॉक्टरीणबाई ठेवलं.

"अजून झाले नाही डॉक्टर," ती म्हणाली.

"आमच्याकडे शिकाऊ माणूसही पहिल्या दिवसापासून कारागीरच म्हणवून घेतो. त्याने हात लवकर बसतो."

दोन आठवड्यांत दाजींना स्टूल, पाटी आणि तक्ते मिळाले. मुलीची अडचण अशी की भांडण झालं की ती भांडणाऱ्यांवर डोळे खिळवून बसायची, आणि टेकडीवर इतरत्र कोण कुणाचे केस निवडतंय हे निसटायचं. ते दाजींनी टिपायचं. कोणी, कुणाचे, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं. तिच्या कागदावर माकडांना आकडे होते. दाजींनी आकडे पाठ केले, पण बोलताना मात्र ते मिशीवाला, भांगवाली, कापूस असंच म्हणत, आणि महिन्याभरात तीही तसंच म्हणू लागली.

कामातून काम निघत गेलं. हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही, हे तिने त्यांना सांगितलं. कुणी केस निवडू लागलं की माकडाच्या हृदयाचे ठोके संथ होतात, लोकांनी मोजून पाहिलंय.

"ते मला सांगू नकोस," दाजी म्हणाले. "माझ्या खुर्चीत माणसं घोरायची."

"पण दाजी, इथे कोण कुणाचे निवडतं यावरून कोण कुणाचं आहे ते कळतं. अडचणीत कोण कुणाच्या मदतीला धावणार तेही."

"म्हणजे आपण यांच्यापासूनच आलो हे खरं."

"यांच्यापासून नाही. ही आपले आजोबा नव्हेत. अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी एकच घराणं होतं, त्याच्या दोन शाखा झाल्या. एका शाखेतून ही आली. दुसरीतून गोरिला, चिंपांझी आणि आपण. ही आपली लांबची चुलत भावंडं."

दाजींनी थोडा विचार केला. "एक दुकान, दोन वाटण्या."

"तसंच."

"मग कात्री मूळ दुकानातली दिसते," असं म्हणून ते पुन्हा तक्त्याकडे वळले.

त्याच सुमारास ताईने बातमी आणली. मेहुणा महिनाअखेर दुकान दुसऱ्या कारागिराच्या हाती सोपवून मुलाकडे कायमचा राहायला जाणार होता. मुलगा विमानाने जायच्या अंतरावर राहत होता.

दाजी पाव खात होते. ते म्हणाले, "जाऊ दे."

"मी जाऊ नको म्हणाले का?"

"मग मला कशाला सांगतेस?"

"तुम्हाला नाही सांगितलं. भिंतीला सांगितलं. तुम्ही मधे बसलात."

पाव त्यांनी पुरा खाल्ला, पण दोन दिवस त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. अडवायचं तर होतं. निदान जाण्यापूर्वी एकदा भेटायचं तरी होतं. पण चूक कुणाची होती ती त्याने आधी नीट कबूल करावी, दारात येऊन, स्पष्ट शब्दांत, असं त्यांच्या मनाने नऊ वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं. चूक आपलीही असावी हे त्यांना अधूनमधून जाणवे. पण मग तीही कबुली व्हायची तर नीटच व्हायला हवी होती, आणि तसे शब्द त्यांना सुचत नव्हते. महिनाअखेरीला अठरा दिवस उरले होते.

अशात डॉक्टरीणबाई एका सकाळी चेहरा पाडून आली. तिने सहा आठवड्यांचे तक्ते जुळवले होते. तिचा एक तक्ता भांडणांचा आणि दाजींचा तक्ता निवडण्याचा, शेजारी शेजारी ठेवून.

"या जातीचे दुसरे कळप लोकांनी तपासलेत," ती म्हणाली. "निम्म्याहून जास्त वेळा भांडणारी दोघं दहा मिनिटांत पुन्हा जवळ येतात. दिलजमाई करतात. आपल्या टेकडीवर एकसष्ट भांडणं झाली, आणि तुमच्या तक्त्यात त्यानंतरच्या दहा मिनिटांत त्या दोघांनी एकमेकांचे केस निवडल्याची नोंद फक्त तीनदा. सर म्हणतात, हा कळप वेगळाच असेल. भांडण न मिटवणारा. महिनाअखेरच्या सभेत हेच मांड म्हणतात."

तिला ते पटत नव्हतं, पण आकड्यांपुढे तिचं काही चालत नव्हतं. दाजींना मात्र ते एकदम पटलं. इतकं की घरी येऊन चपला काढायच्या आधी ते ताईला म्हणाले, "ऐक. आमची माकडं भांडण मिटवत नाहीत. कधीच नाही. शास्त्रात सिद्ध झालंय."

"मग?"

"मग काही नाही. निसर्गात असतात असे. काहींचा स्वभावच तसा. कोट्यवधी वर्षांपासून चालत आलंय."

ताई भांडी पुसत होती. तिने फडकं बाजूला ठेवलं आणि चष्मा शोधायला लागली. "उद्या मी येते," ती म्हणाली. "इतकी स्वाभिमानी माकडं मला बघायचीच आहेत."

ती आली. बरोबर कॉफीचा थर्मास, तीन पेले आणि बसायला उशी. डॉक्टरीणबाईची ओळख झाली आणि पाच मिनिटांत त्या दोघी स्टुलं जुळवून बसल्या. दाजी आपल्या पाटीमागे ताठ बसले होते. घरचं माणूस पहिल्यांदाच आपलं काम बघायला आलं होतं.

साडेनऊला टेकडीवर गाजर टाकलं गेलं आणि मिशीवाल्याने कापसाच्या हातातलं हिसकावलं. कापूस म्हणजे पांढुरक्या डोक्याचा एक तरणा नर. तो किंचाळला, मिशीवाल्याने त्याला खडकावरून खाली लोटलं, दोनचार जण मधे ओरडले, आणि पुन्हा शांत झालं. डॉक्टरीणबाईने घड्याळ दाबलं. कापूस खाली जाऊन पाठ करून बसला. खांदा खाजवत होता, सारखा खाजवत होता, जिथे काही झालंही नव्हतं तिथेही.

तीन मिनिटांनी तो उठला. सरळ नाही गेला. आधी डावीकडे गेला, एका काडीशी खेळला, मग दोन खडक वर आला, मग मिशीवाल्यापासून हातभर अंतरावर येऊन त्याच्याकडे न बघता बसला. ओठांचा चुटचुट आवाज करत होता. मग त्याने हात लांब करून मिशीवाल्याच्या दंडावरचे केस उलटे-सुलटे केले. चारदोन वेळा. काही शोधलं नाही, काही सापडलं नाही, तोंडात काही घातलं नाही. मिशीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, ओठ चुटचुटवले, आणि आपला दंड जरासा त्याच्याकडे सरकवला. सगळं मिळून दहा सेकंद. मग दोघं शेजारी शेजारी गाजराच्या सालीकडे बघत बसले.

ताईने दाजींच्या पाटीकडे पाहिलं. पेन्सिल जागची हलली नव्हती.

"हे लिहिलं नाहीत तुम्ही?"

"काय लिहायचं?"

"त्याने त्याचे केस निवडले ते."

"ते निवडणं नाही," दाजी म्हणाले. "बघितलंस ना, केस नीट धरले नाहीत, मुळापर्यंत गेला नाही, एका जागी सुरू करून दुसऱ्या जागी संपवलं. नुसता हात फिरवला. असल्या बिगारकामाची मी नोंद करत नाही. काम म्हणजे काम."

डॉक्टरीणबाईचा पेला तोंडाजवळ थांबला.

"दाजी," ती अगदी हळू म्हणाली, "अशी कामं तुम्ही कितीदा सोडलीत?"

"पुष्कळ. रोज होतात. मी फक्त चांगली घेतो." त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि अभिमान हळूहळू उतरला. "सगळी घ्यायची होती का?"

तिने पेला खाली ठेवला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून दाजी उठले. ती हसत होती. इतकी हसली की तिला उचकी लागली आणि ताईला तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

"सहा आठवडे," ती उचक्यांमधून म्हणाली. "मी सरांना लेखी कळवलंय. एक अख्खा कळप भांडखोर ठरवला आपण, कारण त्यांचं काम दाजींच्या पसंतीला उतरलं नाही."

"माझी दुकानातली सवय," दाजी पुटपुटले.

"माझीही चूक आहे. मी तुम्हाला विचारलंच नाही की निवडणं म्हणजे काय धरता. मला वाटलं, ते तुम्हालाच सगळ्यात चांगलं माहीत."

ताई कॉफी ओतत होती. ती दाजींकडे न बघता म्हणाली, "यांना सगळ्यात चांगलंच माहीत आहे. तीच तर रड आहे."

सुदैवाने कठड्यावर एक कॅमेरा होता आणि प्रत्येक भांडणानंतरची दहा मिनिटं त्यात साठवलेली होती. सभेला सोळा दिवस होते. माकडांचं खाणं चिरायच्या खोलीमागे एक लहानशी खोली होती. तिथे भोपळ्याच्या वासात दोघं रोज दुपारी पडद्यासमोर बसायला लागले. भांडण एक ते भांडण एकसष्ट. भांडण झालं नसतं तरी ती दोघं जवळ आली असती की काय, याची खात्री करायला दुसऱ्या दिवसाची त्याच वेळची दहा मिनिटंही बघायची. आता नियम असा की हात लागला की नोंद. चांगला लागला की वाईट, ते दाजींनी बोलायचं नाही.

पहिले दोन दिवस त्यांना ते फार जड गेलं. "हे बघ, कसं धरलंय," असं ते म्हणू लागत आणि जीभ चावत. तिसऱ्या दिवसापासून मात्र ते गप्प होत गेले. पडद्यावर एकामागून एक ओशाळलेली माकडं येत होती. कुणी पाठमोरं सरकत यायचं. कुणी आभाळाकडे बघत यायचं. भांगवाली एकदा आपल्या बहिणीशी भांडून गेली आणि थोड्या वेळाने परत आली. तिने बहिणीच्या कानामागचा एकच केस धरला आणि सोडला. भांडणाशिवायच्या दिवशी हीच भांगवाली त्याच बहिणीचे केस अर्धा अर्धा तास निवडायची, मुळापासून, एकेक बट, डोळ्याचं पारणं फिटेल असं. तिला काम येत नव्हतं असं नाही. त्या वेळी जमत नव्हतं.

दाजींनी तो तुकडा परत लावायला सांगितला. मग अजून एकदा.

"काही राहिलं का टिपायचं?" मुलीने विचारलं.

"नाही. लिहिलंस तू."

पण त्यांना दुसरंच काही दिसत होतं. दुकान सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी मेहुणा त्यांच्या दारात आला होता. "तुमचा ब्रश राहिला होता," एवढंच म्हणाला होता, आणि ब्रश देऊनही दोन मिनिटं तिथेच उभा होता, पायरीकडे बघत. दाजींनी ब्रश घेतला आणि दार लावलं. माफी मागायला आला असता तर मागितली असती, असं ते ताईला म्हणाले होते. मग एकदा ताईबरोबर परदेशी पात्यांचा डबा आला, 'दुकानात जास्तीचा होता' म्हणून. गुडघ्याचं दुखणं निघालं तेव्हा हाडांच्या डॉक्टरचा पत्ता कुणाच्या तरी हस्ताक्षरात घरात आला होता, आणि ते हस्ताक्षर दाजींना ठाऊक होतं, त्यानेच तर दुकानाची पाटी रंगवली होती. यातलं काहीच त्यांनी धरलं नव्हतं. अर्धवट कामं.

एकसष्टपैकी सदतीस भांडणं मिटलेली निघाली. मुलीने आकडा दोनदा तपासला आणि सरांना फोन लावला. सर आधी रागावले, मग खोलीभर ऐकू येईल असे बराच वेळ हसले. दाजींनी फोन संपायची वाट पाहिली आणि टोपी घातली.

"उद्या येताय ना?" तिने विचारलं.

"येतो. आज एका ठिकाणी नंबर लावायचाय."

दुपारचे चार वाजले होते. दुकानात एक जण खुर्चीत आणि दोघं बाकावर होते. बाकावरच्या एकाने दाजींना ओळखलं आणि तो अर्धवट उठला. "दाजी, या, माझ्या आधी बसा."

"बस तू. मी नंबराने बसतो."

मेहुण्याचं मशीन क्षणभर थांबलं, मग पुन्हा चालू झालं. तो म्हातारा झाला होता. ताई हे कधी बोलली नव्हती. दाजी बाकाच्या टोकाला बसले आणि एक जुनं मासिक उघडून त्यातल्या गाडीच्या जाहिरातीकडे पंचवीस मिनिटं बघत राहिले. खुर्चीतला गेला, मग बाकावरची दोन्ही गिऱ्हाइकं झाली. गेली मात्र नाहीत. दोघांनाही अचानक बुटाची नाडी बांधायला खूप वेळ लागू लागला.

"पुढचा," मेहुणा म्हणाला.

दाजी खुर्चीत बसले. त्याने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, मानेमागच्या पायऱ्या पाहिल्या आणि पाहतच राहिला.

"हे कुणी केलं?"

"मीच."

"दिसतंय," मेहुणा म्हणाला. "वर जायला सोपं पडेल."

नाडी बांधणाऱ्यांपैकी एकाला खोकला आला.

मेहुण्याने कात्री घ्यायला हात नेला, मग तो वळला आणि त्याने मशीन उचललं. मुद्दामच. दाजींना आरशात सगळं दिसत होतं. मशीन कानाजवळ गुणगुणलं. त्यांच्या पायाची बोटं बुटांत वळली, पण ते बोलले नाहीत. मेहुण्याचा हात पूर्वीसारखा राहिला नव्हता, तो टेकवून टेकवून काम करत होता. एका ठिकाणी तर तो काहीच न कापता थांबला, आणि त्याचा रिकामा हात दाजींच्या मानेवर तसाच राहिला. मग त्याने नाक ओढलं आणि पुन्हा सुरू केलं.

"तुझ्या मशीनला मी गवताचं म्हणालो होतो," दाजी म्हणाले.

"नऊ वर्षं झाली त्याला, दाजी."

"माणसांसमोर म्हणालो."

"अकरा होती," मेहुणा म्हणाला. "मान खाली घाला."

दाजींनी मान खाली घातली. त्यांनी पाठ केलेले आणखी दोन शब्द होते, पण हनुवटी छातीला टेकल्यावर ते वर येईनात, आणि कुणी त्यांची वाट बघतंय असंही दिसत नव्हतं.

शेवटी त्याने मागे आरसा धरला. "कसं झालंय?"

दाजींनी पाहिलं. उजवीकडे ठीक होतं. डाव्या कानामागे बोटभर केस तसेच राहिले होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि चाळीस वर्षांची सवय शेवटी जिंकली. "डावीकडे जरा राहिलंय," ते म्हणाले.

"माहितीये," मेहुणा कापड झटकत म्हणाला. "ते उद्या."

मग त्याने शटरकडे पाहिलं, बूटवाल्यांकडे पाहिलं, आणि स्वतः खुर्चीत बसून गळ्याभोवती कापड गुंडाळून घेतलं. "कात्री त्याच खणात आहे," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईची सभा पुढे चांगली झाली. प्रबंधाच्या आभारांत दाजींचा उल्लेख 'निरीक्षक' असा झाला, आणि 'निवडणं' म्हणजे काय धरायचं यावर एक अख्खं पान आलं. मेहुण्याचं जाणं मात्र काही टळलं नाही. तिकीट निघालं होतं आणि तिकडे नातवंडं वाट बघत होती. त्या पहिल्या दुपारी अकरा दिवस उरले होते, आणि दाजींच्या डोक्यावर त्या मानाने केस कमीच होते. रोज दुपारी ते दुकानात जात, रोज कुठेतरी जरासं राहून जाई, आणि ते दुसऱ्या दिवशी निघे.

"दाजी, तुमचं डोकं रोज लहान होत चाललंय," सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाली.

"रोज जातो ना."

"आणि एवढा वेळ करता काय दोघं?"

"भांडतो."

"कशावरून?"

"मशीनवरून. तो म्हणतो, वेळ वाचतो. मी म्हणतो, वाचवून करायचंय काय? काल तर एप्रन फेकला त्याने."

"मग?"

"मग काय, पुढची पाळी माझी होती. बसलो." दाजींनी पेन्सिलीने कान खाजवला आणि टेकडीकडे पाहिलं. "तो मिशीवाला उठला बघ. घड्याळ दाब."